भुसावळचा खर्ज

भुसावळला कुणी जात नाही. सगळे भुसावळवरून जातात. पुण्यामुंबईच्या स्नेह्यांना मी भुसावळला असतो असे सांगितले, की त्यांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते. "हो, हो, भुसावळ! रात्री दोनला येते ना?" असे ते विचारतात, जणू भुसावळ हे गाव नसून एखादी गाडीच आहे आणि ती रोज रात्री दोन वाजता त्यांच्या झोपेतून निघून जाते! कुणाला फलाटावरचा चहा आठवतो, कुणाला केळीचा फणा, कुणाला मे महिन्यात खिडकीतून आत घुसलेली झळ. गावात मात्र कुणी उतरलेला नसतो.

खरे सांगायचे तर मीही उतरलो नव्हतो. वीस वर्षांपूर्वी येथल्या महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झालो, तो दोन-तीन वर्षे काढू आणि पुण्याकडे सरकू, या बेताने. माझे मूळ गाव तापीपलीकडे, यावल तालुक्यात, येथून एस. टी.ने तासाभराच्या वाटेवर. पण माझे एम. ए. पुण्यास झाले, आणि पुण्यास एम. ए. झालेल्या माणसाच्या अंगातून पुणे लवकर जात नाही, हे जाणकार वाचकांना मी सांगायला नको. तेव्हा मी भुसावळात राहिलो खरा, पण फलाटावर वळकटीवर बसून राहावे तसा राहिलो.

मला या गावात खऱ्या अर्थाने उतरवून घेतले ते आमच्या शेजारच्या गार्डसाहेबांनी. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण आमच्या आळीत ते कुणी घेतच नाही. सदतीस वर्षे त्यांनी रेल्वेत गार्डची नोकरी केली, आणि निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. २०२२ साली रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचे ठरवले, तेव्हा आळीतल्या पोरांनी त्यांना नव्या नावाने हाक मारून पाहिली. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही!

आमची ओळख तक्रारीने झाली. नव्या भाड्याच्या घरात आम्ही सामान लावत होतो आणि भिंतीतून सारखे 'दुम्... दुम्... दुदुम्' असे काही तरी येत होते. आवाज म्हणावा तर कानाला नीट ऐकू येत नव्हता, आणि नाही म्हणावे तर मांडणीवरच्या पितळी वाट्या एकमेकींशी बोलू लागल्या होत्या. सौ. म्हणाली, "शेजारी पिठाची गिरणी आहे वाटतं." मी तावातावाने शेजारी गेलो. दार उघडेच होते. उंचेपुरे, सावळे, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बनियन घालून लाकडी खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक लांबलचक मानेची गिटार होती.

"गिटार जरा हळू वाजवाल का?" मी म्हणालो.

"गिटार नाही, प्रोफेसर," ते शांतपणे म्हणाले. मी प्राध्यापक आहे ही वार्ता सामानाआधी पोचली होती. "ही बेस. बेस गिटार. बसा. चहा घेता ना?"

माझ्या मराठी कानांना त्यात फक्त 'बेस' ऐकू आले. आमच्या खेड्यात 'बेस' म्हणजे छान, ठीक, झकास. आमचे थोरले भाऊ तर सगळ्या जगाचे वर्णन या एका शब्दात करतात. पाऊस कसा आहे? बेस. तब्येत? बेस. मला हसू आले, आणि ज्या माणसाकडे आपण भांडायला गेलो त्याच्याकडे हसलो, की पुढे चहाच होतो.

त्या चहाला आता अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत भुसावळ आणि बेस गिटार या दोन्ही गोष्टी मी एकाच माणसाकडून शिकलो, त्यामुळे माझ्या मनात त्यांची जी गाठ पडली आहे ती आता सुटायची नाही.

गार्डसाहेबांचे आजोबा गोव्याहून आले, वडील येथल्या लोको शेडमध्ये होते. भुसावळ हे गाव असेच भरत गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६०च्या दशकात येथे पोचला. १८६७ साली तो नागपूरला गेला आणि १८७० साली दुसरा फाटा जबलपूरला जाऊन पलीकडून आलेल्या मार्गाला मिळाला, तेव्हा मुंबईहून कलकत्त्यापर्यंत आगगाडीने जाता येऊ लागले. मुंबईपासून सुमारे ४४० किलोमीटरवर, जेथे हे दोन रस्ते फुटतात, तेथे इंजिने बदलायची, कोळसा-पाणी भरायचे, ड्रायव्हर-गार्ड उतरायचे. या कामांसाठी गोव्याचे आले, मद्रासकडचे आले, पंजाबी आले, बंगाली आले, आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची तर मोठीच वस्ती झाली. तापीकाठच्या केळीच्या मुलखात एक लहानसे हिंदुस्थान वसले.

"आमच्या लहानपणी," गार्डसाहेब सांगतात, "नाताळात इन्स्टिट्यूटमध्ये नाच व्हायचा. बँड असायचा. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. सगळी पोरं ड्रमवाल्याकडं बघायची. मी मागं बघायचो. तिथं एक म्हातारा कपाटाएवढं व्हायोलिन उभं धरून असायचा. वाजवतोय की टेकून झोपलाय तेच कळायचं नाही."

ते कपाटाएवढे व्हायोलिन म्हणजे डबल बेस. पुढे अँग्लो-इंडियन कुटुंबे एकामागून एक इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला निघून गेली, इन्स्टिट्यूटमधला तो नाच बंद पडला, आणि एका निघालेल्या कुटुंबाकडून गार्डसाहेबांनी आपली पहिली बेस गिटार विकत घेतली. कलकत्त्यात बनलेली, लाल रंगाची, चार तारांची. किंमत दीड महिन्याचा पगार. वडील आठ दिवस बोलले नाहीत.

आता येथे मला थोडे शास्त्र सांगू द्या, कारण गार्डसाहेब ते सांगितल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत.

डबल बेसची अडचण अशी, की तो माणसाहून उंच, नेता-आणता येत नाही, आणि बाजूला ट्रम्पेट वाजू लागले की बिचाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. अमेरिकेत सिअॅटल येथे पॉल टटमार्क या गृहस्थांनी १९३०च्या दशकातच विजेवर चालणारी आडवी बेस गिटार बनवली होती. पण ती चालली नाही. चालली ती कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांची. हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! १९५१ साली त्यांनी आपली बेस बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे काटेकोर. कारण तिच्या मानेवर पडदे होते, आणि पडद्यामागे बोट ठेवले की सूर नेमका लागे. डबल बेसवर तो अंदाजाने शोधावा लागतो. १९६० साली त्यांचीच 'जॅझ बेस' आली, बारीक मानेची, जरा अधिक नखरेल.

या दोहोंत कोणती चांगली, यावर जगभर वाद आहे. गार्डसाहेबांचे मत मात्र ठाम आहे आणि ते शुद्ध भुसावळी आहे. "मुंबईत तुम्ही कुठलीही घ्या. भुसावळात प्रिसिजन!"

याचे कारण मोठे गमतीचे आहे. बेस गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. तार हलली की वेटोळ्यात वीज उपजते आणि तीच पुढे ध्वनिवर्धकात जाते. पण ते वेटोळे भोळे असते. जवळपास विजेचा दुसरा काही खेळ चालला असेल तर तेही टिपून घेते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि आमच्या घरापासून दोनशे पावलांवर रेल्वेच्या तारांत पंचवीस हजार व्होल्ट वाहतात. जॅझ बेसमध्ये दोन वेटोळी वेगवेगळी असतात. त्यातले एक हळू करून दुसऱ्यावरच वाजवायचे म्हटले, की गुंजारव सुरू होतो. प्रिसिजनमध्ये १९५७ सालापासून वेटोळ्याचे दोन तुकडे केले आणि एकाला उलट दिशेने गुंडाळले. बाहेरून आलेली घरघर एकात सुलट, दुसऱ्यात उलट. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. तारेचा सूर तेवढा उरतो.

"सासू आणि सून एकाच वेळी बोलल्या की घरात शांतता," असे ते यावर म्हणतात. त्यांच्या सौभाग्यवती आतून भांडे आपटतात.

याहून नवलाची गोष्ट पुढची आहे. रस्त्याच्या कडेला जो विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो, तो गुणगुणत असतो हे आपण ऐकलेले असते. त्याचे लोखंड विजेच्या प्रत्येक हेलकाव्याला दोनदा थरथरते, म्हणून त्याचा सूर सेकंदाला शंभर कंपनांचा. आणि बेस गिटारची सर्वांत वरच्या सुराची तार मिळवायची असते ती अठ्ठ्याण्णव कंपनांवर! गार्डसाहेब उन्हाळ्याच्या रात्री ओट्यावर बसून कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरशी तार मिळवतात. दोन सूर अगदी जवळ आले, की त्यांच्यात 'वांव् वांव्' असा हेलकावा ऐकू येतो. सेकंदाला दोन हेलकावे आले, की तार बरोबर लागली. खालच्या बाकीच्या तीन तारा मग त्रेहात्तर, पंचावन्न आणि एक्केचाळीस कंपनांवर जातात. वीज गेली की मात्र साज मिळवायचे काम बंद.

आमच्या मराठी मनाला हे सगळे परके वाटायचे काही कारण नाही. तंबोऱ्यालाही चारच तारा असतात आणि त्यातली शेवटची खर्जाची. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी मी गार्डसाहेबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "तुमचा तंबोरा बसून राहतो. आमचा चालतो. एवढाच फरक." मला वाटते, बेस गिटारची याहून चांगली ओळख मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. खर्ज आणि ठेका यांचे लग्न लावून दिलेले हे वाद्य आहे.

आमच्या उन्हाळ्याचाही या वाद्याशी संबंध येतो. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि हवा कोरडी झाली, की मानेवरची लाकडी पट्टी आकसते आणि पडद्यांची धातूची टोके कडेने बाहेर येऊन बोटाला कापू लागतात. गार्डसाहेब मे महिन्यात बेस पेटीत ठेवतात आणि पेटीत साबणाच्या डबीतून ओला स्पंज ठेवतात. "आम्ही भुसावळकर भाजून पक्के झालो," ते म्हणतात, "ही बिचारी परदेशी." ही परदेशी म्हणजे त्यांची दुसरी बेस. मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. त्याने पाठवलेली ती प्रिसिजन.

तारा बदलण्याच्या मात्र ते विरुद्ध आहेत. हल्ली पोरांना खरखरीत वेढ्यांच्या तारा लागतात, त्यांचा आवाज झणझणीत. गार्डसाहेबांच्या तारा चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत, आणि किती वर्षांच्या हे त्यांनाच ठाऊक. याला आधार म्हणून ते जेम्स जेमर्सन यांचे नाव घेतात. अमेरिकेत डेट्रॉइट येथे मोटाउन नावाची तबकड्यांची कंपनी होती. साठीच्या दशकात तिची गाणी जगभर गाजली आणि त्यांतल्या पुष्कळांवर बेस होती जेमर्सनांची. डबल बेसच्या सवयीमुळे ते उजव्या हाताचे एकच बोट वापरीत, आणि तार तुटल्याशिवाय बदलत नसत. पण तबकडीवर वादकांची नावे छापायचा रिवाज नव्हता. १९७१ साली मार्विन गे यांची 'व्हॉट्स गोइंग ऑन' निघाली, तिच्यावर जेमर्सनांचे नाव आले. तोवर जगाने त्यांना ऐकले होते, पण ते कोण हे जगाला माहीत नव्हते. १९८३ साली ते वारले.

"आपल्याकडे वेगळं काय होतं?" गार्डसाहेब विचारतात. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात चरणजितसिंग यांनीही बेस वाजवली. त्यांनीच पुढे १९८२ साली यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली, ती तेव्हा कुणाला कळली नाही आणि २०१० साली परदेशात पुन्हा निघाल्यावर तिचा गवगवा झाला. आपण गाणे गुणगुणतो, गायिकेचे नाव सांगतो, फार तर संगीतकाराचे. पायाखालची फरशी कुणी बसवली हे विचारीत नाही.

आवडत्या मंडळींत गार्डसाहेबांचा पहिला मान बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींना. त्यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची जर्मन होफनर बेस घेतली. ते डावरे, दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्याने ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. तीच बेस १९७२ साली लंडनमध्ये चोरीला गेली, आणि पन्नासाहून अधिक वर्षांनी सापडून परत मिळाल्याची बातमी २०२४च्या फेब्रुवारीत आली. त्या दिवशी गार्डसाहेबांनी आळीत पेढे वाटले! लोकांना वाटले, नातू झाला.

दुसरा मान 'इंडियन ओशन' या आपल्याकडच्या मंडळाला. त्यांचे राहुल राम बेस वाजवतात आणि गातातही. ते नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ. त्यांच्या २००० सालच्या 'कंदिसा' या संग्रहात नर्मदेचे एक गीत आहे, आणि नर्मदेचे पाणी चढले ते आमच्याच खानदेशात, अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांत. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तो मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. गार्डसाहेब ते गाणे लावतात तेव्हा स्वतः वाजवीत नाहीत, नुसते ऐकतात. आणि नव्या पिढीतल्या मोहिनी डे या मुंबईच्या मुलीचे नाव निघाले, की ते दोन्ही हात कानांना लावतात. १९९६ साली जन्मलेल्या या मुलीने झाकीर हुसेन आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर बेस वाजवली आहे. "तिची बोटं बघून मला रिटायर व्हावंसं वाटतं," ते म्हणतात, "पण मी तर झालोच आहे!"

एकदा मी त्यांना विचारले, "तुम्हाला पुढे उभे राहून वाजवायचे वाद्य का नाही आवडले?"

त्यांनी जरा विचार केला. "प्रोफेसर, ड्रायव्हर पुढं असतो. त्याला सिग्नल दिसतो, लोक त्याला हात करतात. गार्ड सगळ्यात मागं. रात्री मालगाडीच्या ब्रेकव्हानमध्ये एकटा. बत्तीशिवाय काही नाही. तिथं काय करायचं? ऐकायचं." जुन्या रुळांचे सांधे तेरा-तेरा मीटरवर असत. गाडी ताशी साठ किलोमीटरने निघाली, की मिनिटाला सुमारे सत्त्याहत्तर ठोके पडत. "मस्त ठेका! त्यावर सगळी गाणी मी मनातल्या मनात वाजवली. आणि कुठल्या डब्याचं चाक एका जागी घासून सपाट झालं असलं, तर त्या ठेक्यात एक जास्तीचा 'धप्' यायचा. ड्रायव्हरला तो कधी ऐकू यायचा नाही. मला यायचा." आता रूळ लांबच्या लांब जोडलेले आहेत, ठेका गेला. बऱ्याच मालगाड्यांचे ब्रेकव्हानही निघत चालले आहेत, शेवटच्या वाघिणीला एक यंत्र अडकवतात.

हे सारे मी ऐकत होतो, कौतुक करीत होतो, आणि एका गंभीर गैरसमजात होतो. मला वाटत होते, की मला हे कळले आहे.

गेल्या आषाढातली गोष्ट. आळीतल्या गणेशमंडळाच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एक गिटार, गाणारी दोन मुले आणि आमच्या महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. बेसला गार्डसाहेब. रविवारी सकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत तालीम चालते. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो होतो. मुलगी एक जुने संथ गीत म्हणत होती आणि फार सुंदर म्हणत होती. मी डोळे मिटून शब्दांकडे लक्ष देत होतो. आमचा धंदाच शब्दांचा.

दुसऱ्या कडव्यात काही तरी झाले. काय ते कळेना. मुलगी सुरात होती, कीबोर्ड होता, ताल होता. पण गाणे उगीच पातळ वाटू लागले, जसा दुधात कुणी पाण्याचा तांब्या ओतावा. मला वाटले पोरीचा आवाज दमला. तिलाही काही तरी वाटले असावे. ती जरा घाईने म्हणू लागली. गाणे संपले.

मी म्हणालो, "बाळ, पाणी पी जरा. दुसऱ्या कडव्यात आवाज उतरला तुझा."

गार्डसाहेब हसू लागले. "तिचा आवाज ठणठणीत आहे. मी हात उचलला होता."

"केव्हा?"

"दुसऱ्या कडव्याला. तुम्ही समोर बसला होता, प्रोफेसर! अकरा वर्षं माझी बेस ऐकताय. थांबली तर मुलीला पाणी पाजायला निघालात."

पोरे हसली, मीही हसलो. पण घरी येताना मला ते हसू पुरले नाही. मी पायऱ्या चढलो, चपला काढल्या, आणि सौ.ला ती गंमत सांगितली. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतली आणि म्हणाली, "भाऊंचा फोन येऊन तीन रविवार झाले, आठवतंय?"

नव्हते आठवत.

आमचे भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. भाऊंनी शेत धरले आणि मला पुण्यास धाडले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर येई. कूपनवर एकच ओळ असे, 'इकडील सर्व बेस.' पुढे मला नोकरी लागली, पैसे बंद झाले आणि दर रविवारी सकाळी फोन सुरू झाला. फोन दीड मिनिटाचा. "कसं काय? बेस. पोरगी? बेस. ठेवू?" गेली कित्येक वर्षे मी हा फोन वर्तमानपत्र वाचता वाचता घेत आलो आहे. त्यात ऐकण्यासारखे काही असते असे मला कधी वाटलेच नव्हते.

तीन रविवार. मी फोन लावला, लागला नाही. दुपारची एस. टी. पकडली.

तापीचा पूल ओलांडला आणि फैजपूरच्या रस्त्याला लागलो, तसे दोन्ही बाजूंना केळीचे बाग सुरू झाले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावर मी महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख लिहिला होता. आता खिडकीतून जे दिसत होते ते त्या लेखात नव्हते. बागांमागून बाग आडवे पडलेले. केळीला खोड असे नसतेच, पानांच्या देठांचा गठ्ठा. वीस-पंचवीस किलोंचा घड डोक्यावर घेऊन उभी असलेली केळ वादळात टिकत नाही. जूनमध्ये वादळ झाल्याचे मी वाचले होते. वाचले होते म्हणजे, पान उलटले होते.

भाऊ ओसरीवर बसले होते. मला पाहून उठले. "अरे, तू कसा काय आला?"

"फोन का नाही केला?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय सांगू? बेस आहे म्हणायचं, तर खोटं होतं. आन् नाही म्हणायचं, तर तुले कायले घोर?"

कापणीला आलेले चार हजार झाडांचे घड होते. एका संध्याकाळी पंधरा मिनिटांत सगळा बाग झोपला. फोनचे रिचार्ज संपले होते, ते मुद्दामच भरले नव्हते. वहिनी म्हणाल्या, "रविवारी सकाळी हातात फोन घिसन बसतात, आन् ठेवून देतात."

त्या रात्री आम्ही दोघे ओसरीवर निजलो. खरीप कर्ज, विम्याचे कागद, पंचनामा, नवे कंद कुठून आणायचे, पिलबागेतले किती वाचेल, यावर बोललो. बोललो म्हणजे भाऊ बोलले. मी त्यांना इतका वेळ सलग बोलताना आयुष्यात प्रथमच ऐकले. विम्याचे अर्ज मी वाचून भरून दिले, मराठीच्या एम. ए.चा घराला झालेला हा पहिला उपयोग असावा. पैशांचे जे जमले ते मी नंतर केले. त्याचा हिशेब येथे देत नाही. पुण्याच्या मनिऑर्डरींचा हिशेब त्यांनी कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुसावळास परतलो तेव्हा गार्डसाहेब ओट्यावर होते. मी सर्व सांगितले. त्यांनी काही भाष्य केले नाही. आत जाऊन कलकत्त्याची ती जुनी लाल बेस आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हात इथं ठेवा, लाकडावर. कानानं नका ऐकू." त्यांनी खालची तार छेडली. लाकूड तळव्याखाली थरथरले, आणि ते थरथरणे मनगटातून कोपरापर्यंत आले. गार्डसाहेबांचे कान इंजिनांनी आणि भोंग्यांनी पुष्कळसे नेले आहेत. बारीक, उंच आवाज त्यांना आता ऐकू येत नाहीत. ते असेच ऐकतात, हनुवटी बेसच्या लाकडाला टेकवून. हे मला त्या दिवशी कळले. अकरा वर्षांत मी तेही विचारले नव्हते.

या दिवाळीला पुण्याकडे सरकण्याचा बेत मी कपाटात ठेवून दिला आहे. दिवाळी गावीच करणार आहोत. नवे कंद मातीत गेले आहेत, आणि बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी करायचे वहिनींनी आतापासूनच ठरवून ठेवले आहे. गार्डसाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती आमच्याबरोबर येणार आहेत. बेस नेऊ का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, न्या. तिकडे कोपऱ्यावर ट्रान्सफॉर्मरही आहे.

आणि रविवारचा फोन आता मी करतो. वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवतो, दाराबाहेर जातो, कानाला फोन घट्ट लावतो.

"भाऊ, कसं काय?"

मध्ये क्षणभर काही ऐकू येत नाही. मग ते म्हणतात, "बेस."

ते कसे म्हणतात, इकडे आता माझे लक्ष असते.